दुसऱ्याच्या नजरेने बघायला शिकवताना: कलेच्या तासासाठी नव्या शिक्षकांना मार्गदर्शन

‘जगातल्या संस्कृती’ असा विषय आला की बहुतेक शाळांत एक ठरलेला कार्यक्रम होतो. भिंतीवर झेंडे लागतात, मुलं वेगवेगळे पोशाख घालून येतात, एखादा नाच बसवला जातो, फोटो निघतात. मुलांना मजा येते, त्याबद्दल तक्रार नाही. पण दिवसाच्या शेवटी डोक्यात उरतं ते एवढंच की अमुक देशातले लोक असे, तमुक देशातले तसे, आणि आपण मात्र नेहमीसारखे. शिकवायचं होतं नेमकं याच्या उलट.

आपल्याला जे ‘नेहमीसारखं’ वाटतं तीही बघण्याची एक पद्धतच आहे, हे मुलाला कळणं हा या सगळ्या खटाटोपाचा गाभा आहे, असं माझं मत. ते एकदा कळलं की दुसऱ्याचं समजून घेण्याची कुवत आपोआप वाढते. नुसत्या उपदेशाने ते कळत नाही. चित्र, मुखवटा, वाद्य हातात घेतलं, त्याच्यावर वाद घातला, की कळतं. पुढच्या पायऱ्या साधारण अकरा ते सोळा वयाच्या मुलांसाठी आहेत. सहा-सात तासिकांत होण्यासारखं काम आहे. त्यासाठी चित्रकलेचा शिक्षकच हवा असं नाही. इतिहासाच्या किंवा भाषेच्या शिक्षकालाही हे जमतं.

पायरी १: देश नको, एक वस्तू निवडा

‘आज आपण जपान शिकू’ असं म्हणून तास सुरू करू नका. अख्खा देश एका तासात कोंबायला गेलं की हाती ठोकळेबाज विधानंच लागतात. त्यापेक्षा एक मुखवटा घ्या, एक चित्र घ्या, एखादं वाद्य घ्या.

निवडताना सगळ्यात आधी बघायचं ते हे, की ही वस्तू कोणी, कधी, कुणासाठी केली याची खात्रीची माहिती मिळते का. ‘आफ्रिकन मुखवटा’ एवढंच खाली लिहिलेली चित्रं इंटरनेटवर ढिगाने सापडतात. ती सरळ सोडून द्या. त्या खंडात पन्नासहून अधिक देश आहेत आणि भाषा तर हजाराच्या पुढे. कोणत्या समाजाचा, कोणत्या प्रसंगाचा मुखवटा हेच माहीत नसेल तर त्यावर बोलणार काय? न्यूयॉर्कचं मेट्रोपॉलिटन म्युझियम किंवा अ‍ॅम्स्टरडॅमचं राइक्सम्युझियम यांच्या संकेतस्थळांवर हजारो वस्तूंची मोठ्या आकाराची छायाचित्रं माहितीसकट फुकट मिळतात. सुरुवात तिथून करा.

ती कला आजही चालू असेल तर आजच्या कलाकाराचं एखादं काम सोबत ठेवा. हे विसरलं जातं, आणि मग ‘ते लोक’ मुलांच्या मनात कायमचे जुन्या काळात अडकून राहतात.

पायरी २: आधी गप्प बसून बघू द्या

चित्राखालची माहिती झाका आणि पूर्ण दोन मिनिटं कोणी काही बोलायचं नाही असं सांगा. पहिल्या अर्ध्या मिनिटात चुळबुळ होईल. होऊ द्या. त्यानंतरच नजर चित्रावर स्थिरावते.

मग प्रश्न. अ‍ॅबिगेल हाउसन आणि फिलिप येनावाइन या दोघांनी संग्रहालयात येणाऱ्या लोकांसोबत काम करून जी पद्धत बसवली, तिच्यात मुळात तीनच प्रश्न आहेत: या चित्रात काय चाललंय? कशावरून म्हणतोस? अजून काय सापडतंय? यातला मधला प्रश्न सोन्यासारखा आहे. तो न रागावता, न हसता, प्रत्येकाला विचारायचा. फळ्याचे दोन भाग करा, एकीकडे ‘दिसलं’, दुसरीकडे ‘वाटलं’. मुलं जे बोलतील ते त्या त्या बाजूला लिहीत जा.

पहिल्यांदाच करत असाल तर जपानच्या ‘नो’ या पारंपरिक नाट्यप्रकारातला तरुण स्त्रीचा मुखवटा घ्या. समोरून काढलेलं छायाचित्र दाखवलं की एक जण म्हणतो, ‘ही दुःखी आहे.’ कशावरून? ‘डोळे अर्धवट मिटलेत.’ लगेच दुसरी म्हणते, ‘नाही, हसतेय, ओठांचे कोपरे बघ.’ वर्गात दोन तट पडतात. तुम्ही निकाल द्यायचा नाही. दोन्ही मतं फळ्यावर गेली की त्याच मुखवट्याची आणखी दोन छायाचित्रं दाखवा, एक किंचित वर कललेलं आणि एक खाली कललेलं. वर कलला की चेहरा उजळतो, खाली कलला की उदास होतो. कोरणाऱ्याने तो मुद्दामच असा अधल्यामधल्या भावाचा कोरलेला असतो, म्हणजे नटाने मान जराशी हलवली तरी प्रेक्षकाला फरक दिसावा. भांडणारे दोन्ही तट बरोबर होते, फक्त कोणालाच मुखवटा कसा वापरतात हे माहीत नव्हतं. तुम्ही काही न समजावता मुलं स्वतःच म्हणतात, ‘मग याचा व्हिडिओ बघायला पाहिजे.’ तो नक्की दाखवा.

पायरी ३: स्वतःची सवय उघडी पाडा

ही पायरी बरेच जण गाळतात. गाळू नका, सगळ्यात जास्त वेळ हिलाच द्या.

लहानपणापासून आपण एका विशिष्ट प्रकारची चित्रं ‘खऱ्यासारखी’ मानायला शिकतो. लांबची वस्तू लहान, जवळची मोठी, रस्त्याच्या दोन्ही कडा दूर एका बिंदूत मिळालेल्या. चित्रकलेच्या वर्गात याला यथार्थदर्शन म्हणतात. हे गणित पंधराव्या शतकाच्या सुरुवातीला इटलीतल्या फ्लॉरेन्समध्ये ब्रुनेलेस्की या वास्तुकाराने प्रयोग करून बसवलं आणि १४३५ मध्ये आल्बेर्तीने ते लिहून काढलं. म्हणजे ज्याला आपण डोळ्यांचा निसर्गनियम समजतो ती एक शोधून काढलेली युक्ती आहे. उत्तम युक्ती आहे, प्रश्नच नाही. पण तिची एक अट असते: बघणाऱ्याने एका जागी, एक डोळा मिटून, स्तब्ध उभं राहायचं.

मुलांना हे सांगू नका, करायला लावा. कोरा कागद द्या आणि म्हणा, ‘आपल्या वर्गाचं चित्र काढा. अट एकच, वर्गातल्या प्रत्येकाचा चेहरा दिसला पाहिजे आणि प्रत्येक बाकावर काय ठेवलंय तेही दिसलं पाहिजे.’ यथार्थदर्शनाने काढायला बसलेला मुलगा पाच मिनिटांत अडतो, कारण पुढच्या बाकावरचा मागच्याला झाकतो. मग कोणी बाकं वरून बघितल्यासारखी काढतं आणि माणसं समोरून. कोणी मागची रांग वर सरकवतं. कोणी भिंती चारी बाजूंना उघडून टाकतं. एखादी मुलगी शिक्षकांना सगळ्यात मोठं काढते आणि विचारल्यावर सांगते, ‘महत्त्वाचे आहेत ना.’

आता मुघल लघुचित्रातला दरबार समोर ठेवा. गालिचा वरून बघितल्यासारखा सपाट पसरलेला, माणसं बाजूने, मागची रांग वर. प्राचीन इजिप्तमधलं बागेतल्या तळ्याचं भित्तिचित्र ठेवा: तळं वरून, त्यातले मासे आणि बदकं बाजूने, काठावरची झाडं तळ्यापासून बाहेर पसरलेली. एरवी हीच चित्रं दाखवली असती तर वर्गातून ‘यांना नीट काढता येत नव्हतं’ असं आलं असतं. आता येत नाही, कारण दहा मिनिटांपूर्वी तीच अडचण मुलांच्या स्वतःच्या कागदावर होती आणि त्यांनी तोच मार्ग काढला होता. मग विचारा, या चित्रकाराला काय दाखवायचं होतं, आणि आपल्या सवयीच्या पद्धतीने काढलं असतं तर त्यातलं काय हरवलं असतं?

वेळ उरला तर हातात धरून बघायच्या लांब, आडव्या चिनी गुंडाळीचित्राबद्दल सांगा. ते भिंतीवर टांगून एका नजरेत बघायचं नसतं. उजवीकडून डावीकडे हातभर उलगडायचं, बघायचं, मागचं गुंडाळत पुढे जायचं. कागदाच्या पट्ट्या चिकटवून मुलं शाळेपासून घरापर्यंतच्या वाटेचं असं चित्र हौसेने करतात.

पायरी ४: मग माहिती द्या, पण वापराची

आता झाकलेली पाटी उघडायची. कलाकाराची जन्मतारीख आणि शैलीचं नाव मुलं विसरतात. तो हट्ट सोडा. वस्तू कुठे ठेवली जायची, कोण हाताळायचं, कोणाला बघायची परवानगी नव्हती आणि काम झाल्यावर तिचं काय व्हायचं, हे सांगा. शेवटचा प्रश्न मुलांना विचारात पाडतो. तिबेटी बौद्ध भिक्षू रंगीत वाळूचं मंडल, म्हणजे एक धार्मिक आकृती, कित्येक दिवस कण कण टाकत रचतात आणि विधी संपला की झाडून एकत्र करून ती वाळू वाहत्या पाण्यात सोडतात. ‘मग एवढी मेहनत कशाला?’ असं कोणीतरी विचारतंच. उत्तर देण्याची घाई करू नका. कला म्हणजे टिकवून ठेवायची वस्तू हे आपण कुठून शिकलो, असा उलटा प्रश्न टाका आणि वर्ग बोलू द्या.

पायरी ५: एकच घटना, दोन बाजूंची चित्रं

माझ्या मते या सगळ्यातली सगळ्यात दमदार तासिका ही. १८५३ च्या जुलैमध्ये अमेरिकन आरमाराचा कमोडोर मॅथ्यू पेरी चार जहाजं घेऊन आजच्या टोकियोजवळच्या उपसागरात शिरला. दोनशेहून अधिक वर्षं परदेशी लोकांवर कडक निर्बंध ठेवलेल्या जपानने बंदरं उघडावीत अशी त्याची मागणी होती. पुढच्या वर्षी तो आणखी मोठा ताफा घेऊन परतला आणि तह झाला. दोन्ही बाजूंच्या चित्रकारांनी हे प्रसंग चितारले, आणि ती चित्रं आज सहज मिळतात.

आधी नावं न सांगता दोन जहाजं शेजारी ठेवा. अमेरिकन मोहिमेच्या अधिकृत वृत्तांतातल्या चित्रांत जहाजं डौलदार आहेत, समुद्र शांत, किनाऱ्यावर सैनिकांच्या सरळ रांगा. जपानी चित्रांपैकी एका प्रसिद्ध चित्रात जहाज काळंकुट्ट आहे, धुराचा लोट ओकतंय, आणि त्याच्या एका टोकाला राक्षसासारखा चेहरा आहे, डोळे वटारलेला. मुलांना विचारा, ही दोन वेगळी जहाजं आहेत का?

नंतर पेरीचा चेहरा. अमेरिकन चित्रांतला पेरी रुबाबदार अधिकारी आहे. काही जपानी चित्रांत त्याचं नाक लांबलचक, केस दाट, भुवया चढलेल्या. गोष्टींतल्या लांबनाक्या पिशाचाशी नातं सांगणारा. वर्ग खो-खो हसतो. हसू ओसरलं की विचारा, जो कधीच परदेशी माणसाच्या जवळ गेलेला नाही त्या चित्रकाराने हा चेहरा कुठून आणला असेल? त्याच्याकडे आधीपासून कोणती चित्रं होती? आणि अमेरिकन चित्रकाराने ‘रुबाबदार अधिकारी’ कुठून आणला?

इथे एक काळजी घ्या. मुलं लगेच ‘म्हणजे अमेरिकन असं बघायचे आणि जपानी तसं’ असा निकाल लावतात. तो मोडायला तिसरं चित्र हाताशी ठेवा. त्याच काळातल्या इतर काही जपानी चित्रकारांनी परदेशी लोकांचे कपडे, वाद्यं, यंत्रं फार बारकाईने, कुतूहलाने, जवळपास नोंद घेतल्यासारखी काढली आहेत. एका बाजूचीही एक नजर नसते. भीती, कुतूहल, थट्टा, व्यापार, सगळं एकाच गावात असतं.

हा धडा झाल्यावर जोडीला एक सौम्य उदाहरण द्या, नाहीतर दोन संस्कृती भेटल्या की झगडाच होतो असा समज होईल. जेझुइट पाद्री १५८० मध्ये अकबराच्या दरबारात पोचले ते छापील चित्रं घेऊन. दरबारातल्या चित्रकारांनी ती नकलली, त्यातली छायाप्रकाशाची पद्धत उचलली, आणि बाकीचं आपल्याला हवं तसं बदललं. पुढच्या शतकात डच चित्रकार रेम्ब्रांटने अ‍ॅम्स्टरडॅममध्ये बसून मुघल लघुचित्रांवरून वीसहून अधिक रेखाटनं केली, आणि तीही बहुतेक आशियातून आलेल्या कागदावर. एकमेकांकडून काय घेतलं आणि काय सोडलं, याची यादी मुलांना करायला सांगा. सोडलेल्या गोष्टींची यादी जास्त बोलकी निघते.

पायरी ६: कानांनाही कामाला लावा

बाली बेटावरच्या गामेलान वाद्यवृंदाचं तीन मिनिटांचं ध्वनिमुद्रण लावा. बहुतेकांना पहिल्यांदा ते किंचित बेसूर वाटतं. तसं म्हणू द्या. मग सांगा की तिथे वाद्यांच्या जोड्या असतात आणि जोडीतलं एक वाद्य दुसऱ्यापेक्षा जाणूनबुजून जरासं चढं लावलेलं असतं. दोन्ही एकत्र वाजली की आवाजात कंप उठतो. तो नसेल तर ऐकणाऱ्याला आवाज निर्जीव वाटतो. शिवाय प्रत्येक वाद्यवृंद आपापल्यात जुळवलेला असतो, एकातलं वाद्य उचलून दुसऱ्यात बसवता येत नाही. एवढं सांगून तेच ध्वनिमुद्रण पुन्हा लावा. काहींना आवडेल, काहींना नाही. आवडलंच पाहिजे असा आग्रह धरू नका. ‘कळलं, पण आवडलं नाही’ हे प्रामाणिक उत्तर आहे.

पायरी ७: हाताने करून बघणं, आणि कुठे थांबायचं

नमुना उतरवून काढणं सगळ्यात सोपं आणि सगळ्यात निरुपयोगी. ऑस्ट्रेलियातल्या आदिवासी कलाकारांची ठिपक्यांची चित्रं शाळाशाळांत कापसाच्या काड्यांनी काढली जातात. त्या ठिपक्यांमागची गोष्ट मात्र वर्गात येत नाही. १९७१-७२ च्या सुमारास पापुन्या या वाळवंटातल्या वस्तीत तिथल्या पुरुषांनी जमिनीवर आणि अंगावर काढायची रचना फळकुटांवर रंगवायला घेतली. सुरुवातीच्या काही चित्रांत दीक्षा घेतलेल्यांनीच बघायच्या गोष्टी उघड दिसत होत्या, त्यावर त्यांच्याच समाजातून आक्षेप आला. पुढे चित्रकारांनी तसा तपशील वगळायला किंवा झाकायला सुरुवात केली. हे कळल्यावर ते ठिपके नकलायला कोणाचा हात वळेल?

म्हणून नियम असा ठेवा: नक्षी घ्यायची नाही, प्रश्न घ्यायचा. पवित्र चिन्हं, विधीचे मुखवटे, देवतांची रूपं वर्गात बनवायची नाहीत. त्याऐवजी ‘तुमच्या आयुष्यातली जागा नकाशासारखी वरून काढा, आणि तिच्यातली एक गोष्ट अशी दडवा की ती फक्त तुम्हालाच ओळखता येईल’ असं काम द्या. किंवा मुखवट्याच्या धड्यावरून, एकाच चेहऱ्यात दोन भाव मावतील असा कागदी चेहरा करा. मूळ कलाकाराची अडचण काय होती हे अशा कामातून हाताला कळतं.

वर्गात ज्या गोष्टी अडतात

हसणं आणि ‘ई, काय घाणेरडं’ हे होणारच. ओरडलात तर मुलं पुढच्या वेळी गप्प बसतील, विचार मात्र तोच राहील. ‘दिसलं’ आणि ‘वाटलं’ या दोन रकान्यांकडे परत न्या: घाणेरडं हे वाटलं, मग दिसलं काय?

वर्गात त्या संस्कृतीतलं एखादं मूल असेल तर ‘तू सांग, तुमच्यात हे कसं असतं?’ असं चारचौघांत कधीही विचारू नका. अकरा वर्षांच्या मुलावर लाखो लोकांची वकिली टाकणं बरं नव्हे. त्याला कदाचित त्यातलं काही माहीतही नसेल. आदल्या दिवशी बाजूला घेऊन विषय सांगा, स्वतःहून बोलायचं असेल तर बोल म्हणा, एवढंच.

तिसरी अडचण जास्त वजनाची. काही वस्तू संग्रहालयात कशा आल्या हे सांगितल्याशिवाय त्यांच्याबद्दल बोलताच येत नाही. आजच्या नायजेरियातल्या बेनिन शहरावर १८९७ मध्ये ब्रिटिश फौजेने हल्ला केला, राजवाडा लुटला, आणि तिथल्या पितळी फलकांसकट हजारो वस्तू युरोप-अमेरिकेत विखुरल्या. त्या परत मागण्याचा लढा अनेक दशकं चालला आहे. २०२२ मध्ये जर्मनीने आपल्या संग्रहालयांतल्या हजाराहून अधिक वस्तूंची मालकी नायजेरियाला देण्याचा करार केला. हा भाग ‘मुलांना झेपणार नाही’ म्हणून टाळू नका. फलकावरचा राजा, त्याचे सेवक, त्यांच्या पोशाखातला बारकावा आधी मनसोक्त बघू द्या, मग ही हकीकत सांगा. क्रम उलटा केला तर मुलांना फक्त लूट लक्षात राहते आणि घडवणारे कारागीर नजरेआड होतात.

शिकले की नाही, कसं ओळखायचं?

गुण देणं भाग असेल तर चित्र किती सुबक आलं यावर देऊ नका. पहिल्या तासाला एका अनोळखी वस्तूबद्दल पाच ओळी लिहून घ्या आणि कागद जपून ठेवा. शेवटच्या तासाला तीच वस्तू, पुन्हा पाच ओळी. दोन्ही कागद शेजारी ठेवून वाचा. पहिल्यात ‘हे लोक’, ‘त्यांच्यात सगळे’, ‘विचित्र’ असे शब्द किती होते आणि दुसऱ्यात किती उरले? विधानाला चित्रातला पुरावा जोडलाय का? ‘हे मला माहीत नाही, कुणाला तरी विचारावं लागेल’ असं वाक्य कुठे आलंय का? ते आलं असेल तर पूर्ण गुण द्या.

सगळ्या पायऱ्या पहिल्याच वर्षी करायला जाऊ नका. मुखवट्याची तासिका, वर्गाचं चित्र आणि पेरीची जहाजं, एवढ्या तीन गोष्टींनी सुरुवात करा. जहाजांच्या प्रती रंगीत आणि मोठ्या काढा, निदान चार मुलांत एक. काळ्यापांढऱ्या झेरॉक्समध्ये तो वटारलेला चेहरा धुरात मिसळून जातो आणि तास फुकट जातो.